मदरबोर्डाची रोजकीर्द

साहित्याच्या विद्यार्थ्याने काय काय वाचावे याची यादी आधीच लांबलचक आहे आणि तीत भर घालण्याचा आमचा विचार नाही. परंतु गेली पंधरा-सोळा वर्षे जो मजकूर आम्ही रोज सकाळी, वर्तमानपत्राच्याही आधी, नेमाने वाचत आलो आहोत त्याविषयी कधीतरी लिहावे असे मनात होते. मजकूर साधारणपणे असा असतो : प्रोसेसर, ४८ अंश, ओके. आत येणारी हवा, २९ अंश, ओके. पंखा पहिला, ५४०० फेरे, ओके. पंखा दुसरा, ५४०० फेरे, ओके. बारा व्होल्टची वाहिनी, १२.०४, ओके. घड्याळाचा सेल, ३.०७, ओके. अशा तीस-बत्तीस ओळी. त्यांत क्रियापद नाही, विशेषण नाही, आणि बहुतेक दिवशी कालच्याहून निराळे असे काहीच नाही. लिहिणारा आहे आमच्या संस्थेच्या ग्रंथालयातील सर्व्हरचा मदरबोर्ड, आणि विषय त्याची स्वतःची प्रकृती.

हे यंत्र मराठी विभागाच्या गळ्यात कसे पडले ही प्रशासकीय विनोदाची कथा आहे. ती येथे नको. त्याच्यात काय होते ते मात्र सांगितले पाहिजे. परिसरातील जुन्या घरांतून मिळालेली हस्तलिखित बाडे, कीर्तनकारांच्या वह्या, एकोणिसाव्या शतकातील काही अल्पायुषी नियतकालिकांचे सुटे अंक, यांच्या प्रतिमा २००९ पासून आम्ही त्यात साठवीत गेलो. मूळ कागद ज्याचे त्याला परत केले. त्यांपैकी दोन पेट्या पुढे वाळवीने खाल्ल्या. दुसरी प्रत ठेवण्यासाठी मागितलेली सामग्री दर वर्षी 'पुढील आर्थिक वर्षात' जात असे. तेव्हा काही वह्या आता केवळ त्या एका पाटीच्या आधाराने या जगात होत्या, आणि ती पाटी रोज आपली हालहवाल लिहून कळवीत होती. वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सर्व्हरच्या मदरबोर्डावर मुख्य प्रोसेसराखेरीज आणखी एक लहानसा प्रोसेसर बसविलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी, म्हणतात. (मुंबईकर वाचकांच्या डोळ्यांपुढे या तीन अक्षरांनी जे उभे राहते त्याच्याशी याचे नाते नाही, जरी देखभाल आणि तुंबणे हे विषय दोहोंकडे सारखेच आहेत.) मुख्य यंत्र बंद असले तरी, भिंतीतून वीज येत आहे तोवर, हा राखीव वाहिनीवर जागा राहतो. पाटीवर ठिकठिकाणी पेरलेल्या सेन्सरांना तो आळीपाळीने विचारतो, मर्यादा ओलांडली गेली तर नोंद करतो, आणि जाळ्यावरून कोणी विचारले तर उत्तर देतो. हे विचारणे-सांगणे कोणत्या रीतीने व्हावे याचा एक करार १९९८ साली इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकर्ड आणि एनईसी यांनी मिळून प्रसिद्ध केला. त्याचे नाव आयपीएमआय. कथनमीमांसेच्या विद्यार्थ्यांना या व्यवस्थेत रस वाटावा. येथे निवेदक आणि नायक एकाच पाटीवर राहतात, पण त्यांची वीज वेगळी असते. नायक कोसळला तरी निवेदक बोलू शकतो, आणि बहुधा तेव्हाच त्याच्याकडे पहिल्यांदा कोणाचे लक्ष जाते.

आता हा निवेदक किती विश्वासार्ह? आम्ही या प्रश्नात पुष्कळ वेळ घालविला आहे. सर्व्हरांच्या आधीची, साध्या मदरबोर्डांची गोष्ट घेऊ. नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीची एलएम-७८ नावाची एक चिप असे. (लिनक्सवर सेन्सर वाचण्यासाठी जे एलएम-सेन्सर्स हे साधन आहे त्याच्या नावात या घराण्याची खूण आहे.) ही चिप सुमारे चार व्होल्टच्या पलीकडे मोजू शकत नसे, आणि मोजत असे तेही ०.०१६ व्होल्टच्या पायऱ्यांनी. मग ती बारा व्होल्ट कशी सांगे? पाटीवर दोन रोधक बसवून बारा व्होल्टची धार आधी बारीक केली जाई. चिपला दिसत ३.१६८ व्होल्ट, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने त्यास ३.८ ने गुणावयाचे असे. गुणाकार १२.०४ येतो. त्याच्या खालची पायरी ११.९८. या दोहोंच्या मधला आकडा यंत्रापाशी नाहीच. म्हणून काल १२.०४ होते आणि आज ११.९८ आहे असे दिसले म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नसते. विजेत कदाचित केसभर फरक झाला असेल, वर्णमालेतले पुढचे अक्षर तेवढे बदलले.

शिवाय तो ३.८ हा गुणक पाटीपाटीला वेगळा. कोणत्या टोकाला काय जोडले आहे हे पाटी बनविणारे नेहमी सांगत नसत. चिप फक्त 'इन शून्य', 'इन एक', 'इन दोन' म्हणे. लोक दुसऱ्या मार्गाने खरा आकडा पाहून मागे गणित करीत आणि त्या त्या पाटीपुरती एक फाइल लिहून ठेवीत : हे टोक म्हणजे प्रोसेसराचा पंखा, याला इतक्याने गुणा, हे टोक रिकामे आहे, दुर्लक्ष करा. रिकाम्या टोकांचा उल्लेख अशासाठी, की काही न जोडलेले टोकही गप्प बसत नाही. ते उणे १२८ अंश असे काहीतरी निर्विकारपणे सांगते. ती फाइल म्हणजे टीकाग्रंथ होता. मूळ संहिता एकट्याने वाचता येत नाही, आणि टीका दुसऱ्याच संहितेची असेल तर अर्थाचा अनर्थ होतो, हे पोथ्यांवर काम करणाऱ्यांस सांगावयास नको. आणखी एक गोष्ट आम्हांला फार अस्वस्थ करणारी वाटते. काही थिंकपॅड संगणकांवर अशी स्थिती होती की कोठे कोठे सेन्सर आहेत याची चाचपणी करणारा प्रोग्राम चालविला, की त्याच वाहिनीवर बसलेल्या एका स्मृतिचिपमधला मजकूर बिघडे आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नसे. प्रकृती विचारण्यानेच रुग्ण दगावला.

'ओके' या शब्दाविषयीही दोन शब्द. प्रत्येक सेन्सराला मर्यादा ठरवून दिलेल्या असतात, आणि त्या ओलांडण्याच्या तीन पायऱ्या आहेत : नॉन-क्रिटिकल, क्रिटिकल, नॉन-रिकव्हरेबल. क्रिटिकल हा शब्द आमच्या व्यवसायातही रोजचा आहे. ग्रीक भाषेत निवाडा करणे या अर्थाचे एक क्रियापद होते. त्यातूनच समीक्षकही आला आणि तापाचा तो 'क्रायसिस'ही, ज्या घडीला रोगी इकडे की तिकडे हे ठरत असे. मदरबोर्डावर मात्र हा निवाडा आधीच कोणीतरी कारखान्यात बसून करून ठेवलेला असतो. बारा व्होल्टच्या वाहिनीला पाच टक्के वरखाली चालते, म्हणजे ११.४० ते १२.६०. एखादी वाहिनी आठ महिन्यांत १२.०४ वरून ११.५० पर्यंत उतरली तरी पाटी रोज 'ओके' म्हणेल, आणि तिच्या परीने ते खोटेही नाही. प्रोसेसराच्या तापाचे तर आणखी वेगळे. इंटेलच्या प्रोसेसरांतला अंकीय सेन्सर आपण किती तापलो आहोत हे सांगतच नाही. आपल्या कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच सांगतो. अंश सेल्सियस हा आकडा वजाबाकी करून आपण काढावयाचा.

तेव्हा रोज वाचावयाचे असते ते 'ओके' सोडून उरलेले. आमच्या यंत्रातील तिसऱ्या पंख्याचे फेरे दोन महिन्यांत ५४०० वरून ५१०० आणि पुढे ४८०० झाले; शेजारचे पंखे होते तेथेच होते. खालची मर्यादा काहीशे फेऱ्यांवर असल्यामुळे यंत्राची तक्रार नव्हती. त्याच सुमारास खोली झाडायला जाणारे शिपाईमामा एकदा म्हणाले, ''सर, आतला आवाज बदललाय. मिक्सरमध्ये सुपारी टाकल्यागत.'' यंत्रापेक्षा माणसाचा कान तीक्ष्ण, असा गोड निष्कर्ष येथे काढता येईल; पण मामांना चार पंख्यांतला कोणता ते सांगता येत नव्हते, आणि कधीपासून तेही. ते आमच्या वहीत होते. पंखा बदलण्यास दहा मिनिटे लागली.

२०१२ च्या उन्हाळ्यात एक निराळाच पेच आला. घड्याळाला जिवंत ठेवणारा तो नाण्याएवढा लिथियम सेल क्षीण होत २.६ व्होल्टच्याही खाली उतरला होता. नवा सेल मागविलेला होता. तो यायच्या आत भारनियमनाच्या एका लांब दुपारी बॅटरीही संपली आणि यंत्राची राखीव वीजसुद्धा गेली. वीज परतल्यावर बीएमसी जागा झाला तेव्हा आज कोणता दिवस आहे हे त्याला ठाऊक नव्हते. अशा वेळी तो नोंदी थांबवीत नाही. जागा झाल्यापासून किती सेकंद झाले तेवढे मोजतो आणि तारखेच्या जागी 'प्री-इनिट' असे लिहितो. पुढच्या पंधरवड्यात असे अनेक वेळा घडले. प्रत्येक वेळी शून्यापासून आरंभ. एकंदर एकेचाळीस नोंदी, तारीख कोणालाच नाही.

येथे मात्र आमचे शिक्षण कामी आले. काळ न दिलेल्या पोथीचा काळ कसा ठरवितात? अंतर्गत पुरावा आणि बाह्य पुरावा. नोंदींना क्रमांक होते, म्हणजे पूर्वापर क्रम पक्का. एका नोंदीत पेटीचे झाकण उघडल्याची खूण होती (मदरबोर्डावर त्यासाठीही सेन्सर असतो), आणि दुरुस्ती करणारा माणूस कोणत्या दिवशी आला हे फाटकावरच्या वहीत होते. वीज गेल्याच्या नोंदी भारनियमनाच्या छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या. एके दिवशी आत येणाऱ्या हवेने मर्यादा ओलांडली होती. तो रविवार असणार, कारण रविवारी खोलीचे वातानुकूलन बंद असे. दोन संध्याकाळी बसून एकेचाळीसपैकी छत्तीस नोंदींना तारखा लावता आल्या. उरलेल्या पाच तशाच ठेवल्या. प्रा. अमुक यांच्या मते अमुक शक, असे लिहिण्याचा मोह आम्ही आवरला.

या सगळ्या खटाटोपाची खरी परीक्षा २०१४ मध्ये झाली आणि ती मेमरीच्या नोंदींवरून. मेमरीत ठेवलेले एखादे बिट आपोआप उलटते. शून्याचे एक होते. कारणे अनेक : अवकाशातून येणारे किरण, सदोष पेशी, सैल जोड. सर्व्हरांत यावर उपाय म्हणून दर ६४ बिटांबरोबर आणखी ८ बिटे ठेवलेली असतात. या विद्येचा पाया बेल लॅबोरेटरीजमधील रिचर्ड हॅमिंग यांनी घातला. शनिवार-रविवारी चालावयास ठेवलेले त्यांचे गणित यंत्रात एक चूक सापडली की टाकून दिले जाई. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांचा १९५० चा प्रबंध निघाला. जादा मजकूर बाळगून मूळ मजकूर राखणे ही कल्पना आपल्याकडे अनोळखी नाही. घनपाठात मंत्राचे शब्द पुढून, मागून आणि पुन्हा पुढून गुंफून म्हणतात. एक शब्द निसटला की सगळी वीण चुकते आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. मेमरीतील जादा बिटे एक चूक दुरुस्त करतात, दोन चुका झाल्या तर फक्त ओळखतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा कोणत्या ओळीत काय बदलले याची यादी मागे ठेवली असती तर आज पुष्कळ वाद वाचले असते. हे यंत्र दुरुस्ती करते आणि दुरुस्ती केल्याची नोंदही ठेवते.

अशी एखादी नोंद आली म्हणजे काय करावे? टोरंटो विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांचे दोन सहकारी यांनी २००९ मध्ये गूगलच्या यंत्रांचा अडीच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि मेमरीच्या आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक दुरुस्त चूक आढळली होती. म्हणजे एखादी नोंद ही नवलाई नव्हे. पण जिथे दुरुस्त होणाऱ्या चुका होतात तिथेच पुढे न होणाऱ्या चुकांचा संभव वाढतो, हेही त्याच हिशेबात होते. आमच्या यंत्रात जानेवारीत आठवड्याला एक नोंद होती. सगळ्या एकाच खाचेच्या. मार्चमध्ये दिवसाला सात-आठ. आम्ही तक्ता करून कार्यालयाला टिपण पाठविले. उत्तर आले : यंत्र चालू आहे काय? चालू असल्यास प्रस्ताव कोणत्या शीर्षाखाली?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदी एकदम थांबल्या. त्यानंतर एकही नाही. कार्यालयाने तक्त्याची पुढची प्रत मागविली होती. ती पाहून तेथील एक सज्जन मनापासून आनंदले. ''बघा सर, बसलं जागेवर. उगीच काळजी करत होतात.'' त्यांना दोष देता येत नाही. तक्त्यावर चढत गेलेली रेघ होती आणि नंतर सपाट भुई होती. कोणीही हेच वाचले असते. फक्त शेवटची नोंद इतरांहून वेगळी होती. तीत म्हटले होते : दुरुस्त चुकांच्या नोंदीची मर्यादा गाठली गेली. चुका इतक्या वेगाने येऊ लागल्या की त्या लिहीत बसलो तर वही भरून जाईल, म्हणून बीएमसीने त्या खाचेविषयी लिहिणे बंद केले होते. करारातच तशी सोय आहे. वही लहान असते, एकेक नोंद १६ बाइटची, तरीही. पुढची सगळी शांतता त्या एका ओळीच्या छायेत वाचावयाची होती. आम्ही ती ओळ लाल शाईने अधोरेखित करून, खाली मराठीत अर्थ लिहून, पुन्हा पाठविली. आयुष्यात आम्ही अनेक कवितांची रसग्रहणे केली, पण एका ओळीच्या अर्थावर इतके अवलंबून असल्याचा अनुभव तेवढाच.

कार्यालयाने विचारले, पट्टी वाईट की पाटी? प्रश्न रास्त होता; पट्टी स्वस्त असते. त्या खाचेतली पट्टी शेजारच्या खाचेत आणि शेजारची इकडे असा बदल केला, नोंदवही कोरी केली आणि वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी नोंदी पुन्हा सुरू झाल्या, त्याच खाचेच्या. पट्टी निर्दोष होती. दोष पाटीत होता. ती खाच रिकामी ठेवून, कमी मेमरीवर यंत्र चालवीत, मेच्या सुटीत आम्ही सगळ्या प्रतिमा उसन्या आणलेल्या चकत्यांवर उतरविल्या. प्रत्येक फाइलीची पडताळणीबेरीज प्रतिमा घेतानाच लिहून ठेवलेली होती. ती पुन्हा काढून ताडून पाहिली. एकही फाइल बदललेली निघाली नाही. यावर कार्यालयाचे म्हणणे असे पडले, की मग एवढे करण्याची गरज काय होती? या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. ती पाटी पुढे किती दिवस टिकली असती हे कधीच कळणार नाही.

या वाचनाला आम्ही भविष्यज्ञान समजत नाही. गूगलच्याच लोकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास केला. अपयशाशी घट्ट संबंध असलेली चार लक्षणे त्यांनी निवडली होती, आणि तरीही बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक या चारांपैकी एकही लक्षण न दाखविता गेल्या. मदरबोर्डही असे अचानक जातात. पहारेकऱ्याचा स्वतःचा धोका तो वेगळाच : २०१३ मध्ये डॅन फार्मर यांनी दाखवून दिले की आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळख पटण्याआधीच बीएमसी परवलीच्या शब्दाचे सांकेतिक रूप विचारणाऱ्याच्या हाती देतो. ज्याला खिडकी म्हणून ठेवले तेथून आत शिरता येत होते. तेव्हापासून आमचा बीएमसी बाहेरच्या जाळ्याला जोडलेला नाही. २०१५ मध्ये रेडफिश नावाचा नवा करार आला आणि जुन्याची वाढ थांबली; आमचे सध्याचे यंत्र दोन्ही भाषा बोलते.

जुने यंत्र जूनमध्ये बंद केले. निर्लेखनाचा आदेश येईपर्यंत त्याला हलविता येत नव्हते, आणि त्याची वायर भिंतीतच राहिली होती. रोजचा मजकूर मागविणारा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर चालू होता. तो आम्ही थांबविला नाही. त्यामुळे पुढचे अकरा महिने मजकूर येतच राहिला. प्रोसेसर, वाचन नाही. पंखा पहिला, वाचन नाही. बारा व्होल्टची वाहिनी, वाचन नाही. फक्त आत येणाऱ्या हवेचा आकडा जिवंत होता : पावसाळ्यात २७, डिसेंबरच्या पहाटे १९, मार्चमध्ये ३१. मामा एकदा म्हणाले, ''सर, हे बंद आहे ना? मग मागचा हिरवा दिवा का लागतो?'' पुढल्या वर्षीच्या मेमध्ये आदेश आला आणि भंगारवाल्याच्या माणसाने येऊन वायर काढली. त्या सकाळची ओळ आमच्या वहीत आहे : आत येणारी हवा, ३४ अंश, ओके.